जुलैतली खिडकी

भिंतीवरचे घड्याळ काढून ट्राइनने पोटाशी धरले, मागच्या दाराची पायरी उतरली आणि अंगणाच्या बरोबर मधोमध येऊन ती थांबली.

"काय गं, वाट चुकलीस की काय?" कुंपणापलीकडून शेजारीण डीवर म्हणाली. तिच्या दोन्ही काखांत उशा होत्या आणि दातांत कपड्यांचे चिमटे होते, पण त्याने तिचे बोलणे अडत नसे. "आमचं घड्याळ केव्हाच मागे गेलं. चारची बस काय तुझ्यासाठी थांबणारे?"

"जातेय गं."

"आणि क्रेलिसला कधी आणणार? आमच्या ह्यांना पाठवते. हे आणि जावई मिळून खुर्चीसकट खाली आणतील त्याला."

घड्याळ ट्राइनच्या पोटाशी टिकटिक करत राहिले.

जूनचा शेवटचा शनिवार होता. या दिवशी हेल्मडाउनमधले अख्खे गाव पुढच्या घरातून मागच्या घरात जाते. मागचे घर म्हणजे अंगणाच्या टोकाला डांबर फासलेल्या फळ्यांची एक खोली. हिवाळ्यात तिथे बटाटे आणि वाळूवरच्या खुर्च्या राहतात, उन्हाळ्यात घरमालक. पुढचे घर दोन महिने शहरातल्या पाहुण्यांचे. त्यांना ते आपलेसे वाटावे म्हणून भिंतींवरचे फोटोसुद्धा काढून पेटीत भरायचे. गाद्या जातात, भांडी जातात, कॅनरी पक्ष्याचा पिंजरा जातो आणि सगळ्यांत शेवटी घड्याळ जाते. घड्याळ मागे गेले की घर आपले राहिले नाही. मग सप्टेंबर उजाडेपर्यंत आपल्याच दारावर टकटक करायची आणि आतून "या" ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. ट्राइनच्या हाडात ही सवय इतकी मुरली होती की एकदा ऐन जानेवारीत ती स्वतःच्या झोपायच्या खोलीवर टकटक करून बाहेर उभी राहिली होती. आत क्रेलिस एका पायात पायमोजा घालून बसला होता. त्याने पाहुण्यांसारखा घसा खाकरून "या, या, दार उघडंच आहे" म्हटले, आणि मग दोघे किती वेळ हसत सुटले होते.

क्रेलिसच्या आजोबांच्या काळी हे मासेमारांचे गाव होते. पण गावाला बंदर नव्हते, होड्या सपाट बुडाच्या, वाळूवर ओढून ठेवायच्या. मोठ्या बोटी आल्या आणि मासळी बंदरवाल्यांनी पळवली. "माशांनी तोंड फिरवलं तेव्हा आमच्या लोकांनी माणसं धरायला सुरुवात केली," असे क्रेलिस म्हणे. तरुणपणी त्याने घोडा जुंपून, पाहुण्यांना आत बसवून पाण्यात उतरवणाऱ्या स्नानाच्या गाड्या समुद्रात नेल्या होत्या. गाड्या गेल्या, तेव्हापासून चाळीस वर्षे त्याच्याकडे वेताच्या खुर्च्या होत्या, माणूस आत बसला की दिसू नये अशा, डोक्यावर छप्पर असलेल्या. सकाळी त्या वाळूवर रांगेत मांडायच्या, वारा फिरला की एकूणएक फिरवायच्या, भरती आली की मागे ओढायच्या. पाहुण्यांची नावे त्याच्या लक्षात राहत नसत. "आज सहा नंबरचं पोट बिघडलंय," असे तो घरी येऊन सांगायचा.

वरच्या मजल्यावर समुद्राकडे एकच खिडकी होती. वाळूच्या टेकड्यांमध्ये तिथे खिंड पडली होती आणि तिच्यातून किनाऱ्याचा तुकडा दिसायचा. दर वर्षी कुणीतरी पाहुणा वरून उतरला की म्हणे, "क्रेलिस, तुमच्या खुर्च्या वरून काय सुरेख दिसतात हो." क्रेलिस टोपीला हात लावायचा. त्याने स्वतः त्या वरून कधीच पाहिल्या नव्हत्या. खोली त्याची असे तेव्हा खुर्च्या मागच्या घरात असत, आणि खुर्च्या वाळूवर असत तेव्हा खोली पाहुण्यांची असे.

आणि गुरुवारी डॉक्टर जिन्याखाली उभे राहून ट्राइनला म्हणाले होते, "हृदय थकलंय. उन्हाळा काढेल. पुढचं मी बोलत नाही." डॉक्टरांचा आवाज हळू होता, पण जिना लाकडी होता, वर सगळे ऐकू जाई.

त्याच संध्याकाळी क्रेलिस उशांना टेकून म्हणाला, "ट्राइन, एक मागू?"

"काय?"

"काही नाही. जाऊ दे."

"बोल की मेल्या," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. क्रेलिस मात्र खूश होऊन हसला, मग खोकला.

"मला त्या खुर्च्या एकदा इथून बघायच्या होत्या," तो म्हणाला. "म्हणजे माझं आपलं असंच. तेरहोर्स्टबाई राहायला यायच्यात, शब्द दिलाय आपण. शनिवारी मला न्या मागे."

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने जेवताना मीठ सोडून काही मागितले नव्हते. शुक्रवारचा अख्खा दिवस ट्राइनने सामान मागे नेले. बाईमाणसाचे हात सवयीने चालतात, तसे ते चालले. आता घड्याळ हातात होते आणि पाय पुढे पडत नव्हते. ती वळली आणि घराकडे परत निघाली.

"अगं, उलटी कुठे?" डीवरने विचारले.

"घड्याळ पुढेच राहणार."

डीवरने दातांतले चिमटे काढून हातात घेतले. "डोकं फिरलं का तुझं? सव्वीस वर्षांचे पाहुणे! बाईचा नवरा आत्ता हिवाळ्यात गेला, आणि तू तिला दारातून परत लावणार?"

"तू गप्प बस गं. नाहीतर मी पुन्हा मागे फिरेन," ट्राइन म्हणाली.

चारच्या बसला ती थांब्यावर गेली, ती एक वाक्य घोकत. "बाईसाहेब, यंदा खोली देता येत नाही." सोपे वाक्य होते. पण या गावातल्या कुणी ते पाहुण्यांना कधी म्हटले असेल असे तिला आठवेना. आल्कमारहून येणारी बस थांबली. दर वर्षी आधी बाईंचे यजमान, नोटरीसाहेब, उतरायचे आणि मग हात देऊन बाईंना उतरवायचे. या वेळी बाई दाराशी आल्या, सवयीने हात पुढे केला आणि तो कुणी धरेना तेव्हा क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. ट्राइनने धावत जाऊन तो हात धरला. करडा हातमोजा होता, आतली बोटे पार काटक्या झालेली.

घोकलेले वाक्य तिथेच विरले. ट्राइनने त्यांची बॅग उचलली आणि दोघी चालू लागल्या.

"समुद्र कसा आहे?" बाईंनी विचारले. दर वर्षी त्या असेच विचारायच्या, नात्यातल्या कुणाची खुशाली विचारावी तसे.

"बरा आहे."

"आणि क्रेलिस?"

"तोही बराय," ट्राइन म्हणाली आणि स्वतःचा तिला राग आला.

पुढच्या दाराशी दोघी पोचल्या. आता बोलावेच लागणार होते. ट्राइनने बॅग खाली ठेवली, पण मूठ सोडली नाही.

"बाईसाहेब, खोली रिकामी नाही."

तेरहोर्स्टबाईंना आधी कळलेच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. "दुसऱ्या कुणाला दिलीत?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला पत्र तरी टाकायचं होतंत, ट्राइन."

"क्रेलिसला दिली," ट्राइन म्हणाली.

आणि मग एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. डॉक्टर काय म्हणाले, चाळीस वर्षे खुर्च्या, ती खिडकी, त्याने मागितले आणि परत घेतले, सगळे तिने तिथे दारात, रस्त्यावरून गाद्या नेणाऱ्या लोकांच्या देखत सांगून टाकले. बाईंनी मान वर करून खिडकीकडे पाहिले. नोटरीसाहेबांच्या कातडीला ऊन सोसत नसे. ते दुपारभर त्या खिडकीत पुस्तक घेऊन बसायचे, आणि बाई खाली वाळूवर सतरा नंबरच्या खुर्चीत. चार वाजले की बाई खुर्चीतून वाकून हात वर करायच्या, खिडकीतून रुमाल दोनदा हलायचा, आणि मग बाई चहाला घरी यायच्या. ही गंमत क्रेलिसने ट्राइनला कितीदा तरी सांगितली होती.

"मला वाटलं होतं, मी या वर्षी तिथे बसेन," बाई म्हणाल्या. "ते बसायचे तिथे." त्यांनी हातमोजे नीट केले. "पाचला परतीची बस असते ना?"

"असते."

दोघी उभ्या राहिल्या. ट्राइनला वाटले, आपण आत्ता दार उघडणार आणि या, बाईसाहेब, म्हणणार. तिने दात आवळून धरले.

"डेव्हेंटरच्या त्या घरात मी सहा महिने एकटी काढलेत," बाई म्हणाल्या. "परत जायचं जिवावर येतं हो. तुम्ही उन्हाळ्यात कुठे राहता?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. ट्राइनने घराच्या कडेने अंगणाकडे बोट केले.

"मग तिथे राहते मी," बाई म्हणाल्या.

"छे. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत."

"का?"

"बटाट्यांचा वास येतो."

"मला बटाटे आवडतात," तेरहोर्स्टबाई म्हणाल्या आणि स्वतःची बॅग स्वतः उचलून चालू लागल्या.

मागच्या घराच्या दारात त्यांची टोपी चौकटीला आपटून पडली. ती हातात घेऊन त्या आत शिरल्या आणि बघत राहिल्या. चूल, टेबल, छोटी खिडकी, आणि भिंतीत कपाटासारखे बसवलेले दोन पलंग. एकाच्या कडेवर त्या टेकल्या.

"किती जण राहायचात इथे?"

"पाच. क्रेलिसची आई, आम्ही दोघं आणि मुली. मुली आता कॅनडात गेल्या, तर ऐसपैस वाटतं."

"आणि आम्ही वर म्हणायचो," बाई म्हणाल्या, "की खोली जरा लहान पडते."

ट्राइनने चहाचे आधण ठेवले.

गावाला त्या जुलैत बोलायला विषय मिळाला. "पाहुणी मागे आणि मालक पुढे, आता कोंबड्यांना चर्चमध्ये बसवा," असे डीवर दुकानात सांगत सुटली. आठवडा उलटल्यावर मात्र तीच रोज सकाळी कुंपणाला टेकून बाईंना बटाटे सोलायला शिकवू लागली. बाई साल जाड काढायच्या. "अहो, खायला काहीतरी ठेवा," डीवर म्हणायची. बाई हसायच्या. नोटरीणबाई हसतात हे गावाला त्या वर्षी कळले.

रविवारी सकाळी, पहिल्याच दिवशी, ट्राइन कॉफी घेऊन वर गेली आणि तिने दारावर टकटक केली. जुलै होता, हात आपोआप उठला.

"या, या," आतून नोटरीसाहेबांच्या जाड आवाजात उत्तर आले. "कॉफी गरम आहे ना?"

"सोंगं पुरे," ती म्हणाली. "दिसल्या का खुर्च्या?"

क्रेलिस खिडकीला खुर्ची लावून बसला होता, मांडीवर पांघरूण, हातात मोठा निळ्या चौकड्यांचा रुमाल. तो बराच वेळ बाहेर बघत राहिला.

"वाकड्या आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"रांगा. डीवरच्या जावयाने शुद्धीत लावलेल्या दिसत नाहीत. सतरापासून डावीकडची सगळी ओळ हातभर पुढे पाहिजे. जा, सांग त्याला."

ट्राइन एप्रन न काढता तशीच वाळूवर गेली. जावई आधी हसला, मग त्याने वर पाहिले. खिडकीत रुमाल हलत होता, डावीकडे, आणखी डावीकडे, बस. तीन दिवस हा खेळ चालला. पाहुणे खुर्च्यांसकट सरकवले गेले आणि कुणी हूं की चूं केले नाही. चौथ्या दिवशी ट्राइन कॉफी घेऊन आली तेव्हा क्रेलिसचा रुमाल मांडीवर पडलेला होता.

"आता बघ," तो म्हणाला. "पाहुणे खोटं बोलत नव्हते गं. मला वाटायचं, तोंडदेखलं म्हणतात."

त्याचे डोळे भरून आले होते. ट्राइनने उशी सारखी केली, कारण तिचेही आले होते.

"बस ना जरा," तो म्हणाला. "तूही बघ."

"बसते नंतर. खाली दूध उतू जाईल."

दूध चुलीवर नव्हतेच. पण जुलैत त्या खोलीत तिचे गुडघे वाकत नसत. हातात ट्रे घेऊन, दाराजवळच्या चटईवर, "अजून काही हवंय?" एवढे विचारण्यापुरतीच ती इतकी वर्षे तिथे उभी राहिली होती. क्रेलिस रोज म्हणायचा बस, आणि ती रोज काही ना काही उतू घालवायची.

चार वाजता काय चालते ते तिला उशिरा कळले. एक दिवस ती चहा लावत असताना क्रेलिस आपणच म्हणाला, "त्या बाईने पहिल्या दिवशी सवयीनं हात वर केला बघ. आणि मग आठवलं असणार. अर्ध्यातच खाली घेतला. मला बघवेना."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून चारला मी रुमाल झटकतो. धूळ फार असते."

"आणि ती?"

"ती हात करते. रोज करते." तो जरा ओशाळला. "नोटरीसारखाच हलवतो, दोनदा, सावकाश. चालेल ना गं?"

ट्राइनने कप जरा जोरातच बशीत ठेवला. "न चालायला काय झालं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी मागच्या घरात बाईंनी विचारांच्या नादात दुप्पट बटाटे सोलून ठेवले होते. दोघींनी मिळून ते दोन दिवस खाल्ले.

असे चोवीस दिवस गेले. क्रेलिसचे पाय सुजले, मग बोलणे कमी झाले, पण खिडकी सोडून पलंगावर यायला तो दिवसा तयार नसे. मंगळवारी दुपारी त्याने नाक वर करून हवा हुंगली.

"वारा उत्तरेचा होणार," तो म्हणाला. "जावयाला सांग, खुर्च्या फिरव. त्याला कळायला संध्याकाळ होईल."

ट्राइन वाळूवर गेली. अजून वारा जुन्याच दिशेचा होता, जावई कुरकुरला, पण त्याने फिरवायला घेतल्या. सतरा नंबरच्या खुर्चीत बाई विणत बसल्या होत्या. त्यांना उठवून त्याने तीही फिरवली. ट्राइन परत निघाली तेव्हा तिच्या मानेवर उत्तरेचा गार वारा आला. बरोबर निघाला लेकाचा, तिला वाटले, आणि हे वर जाऊन त्याला सांगायचे म्हणून तिने भराभर चहा केला, सोबत दोन टोस्ट घेतले.

तिने दारावर टकटक केली.

आतून "या" आले नाही. ट्राइन थांबली. पाहुणा झोपला असेल तर त्याला उठवायचे नसते, एवढे या गावातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. खाली घड्याळाचे चार ठोके पडले. ते संपल्यावर तिने पुन्हा एकदा टकटक केली, अगदी हळू, आणि मग ती आत गेली.

क्रेलिस खुर्चीतच होता. कपाळ काचेला टेकलेले होते. काचेवर त्याच्या श्वासाचे धुके नव्हते. तिने ट्रे खाली ठेवला, त्याच्या गालाला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. गाल अजून गार झाला नव्हता. "बरोबर होतं तुझं," ती त्याला म्हणाली. "वारा फिरला."

मग तो जिकडे बघत होता तिकडे तिने पाहिले.

खिंडीतून किनारा दिसत होता. सगळ्या खुर्च्या उत्तरेला पाठ करून उभ्या होत्या. रांग न् रांग सरळ, दोऱ्याने आखल्यासारखी, ओहोटीच्या पाण्यापर्यंत गेलेली. पाहुणे खरेच खोटे बोलत नव्हते. आणि मधल्या रांगेत एका खुर्चीतून एक करडा हात वर झालेला होता.

तो खाली येईना. बाईंनी छपराबाहेर डोके काढले, खिडकीकडे नीट पाहिले, आणि हात आणखी उंच केला. एवढ्या लांबून त्यांना काचेमागचे काही दिसत नसणार. ट्राइनला त्यांचा बसच्या दारातला तो पुढे केलेला हात आठवला. या बाईने याच वर्षी हे एकदा सोसले होते. सांगावे तर लागणारच होते, बाई अंगणातून येताना, आणि ते ट्राइनलाच सांगावे लागणार होते. पण अजून त्यांच्या विणकामाची ओळ पुरी व्हायची असेल, अजून समुद्र त्यांच्यासमोर होता.

तिने क्रेलिसच्या बोटांतून रुमाल सोडवून घेतला. तो सहज सुटला. काचेशी उभे राहून तिने तो हलवला, दोनदा, सावकाश.

खाली करडा हात खाली आला.

चहातून अजून वाफ येत होती. ट्राइनने एप्रनला हात पुसले, पलंगाजवळची खुर्ची ओढून क्रेलिसच्या खुर्चीला लावली आणि जुलै महिन्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत बसली.